एक चार्ज, चाळीस!

कारखान्यात त्यांना सगळे मामा म्हणत. खरं तर ते मामा होते फक्त मालकांच्या दोन मुलींचे. पण त्या मुली लहानपणी शाळा सुटली की कारखान्यात यायच्या, "मामा, मामा" करत शेडभर हिंडायच्या, आणि ते नाव कामगारांच्या तोंडी बसलं ते बसलंच. पुढे दुकानदार मामा म्हणू लागले, टपाल आणणारा मामा म्हणू लागला, आणि एकदा तर खुद्द मालक, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, भर बैठकीत "मामा, तुमचं काय मत?" असं म्हणून गेले. मामांनी ते निमूट ऐकून घेतलं. बहिणीच्या नवऱ्याकडे नोकरी करणाऱ्याने नात्याचा फार कीस काढू नये, एवढं त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

कारखाना होता विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डांचा. चार चाकांची लांबट फळी, तिच्या पोटाखाली बॅटरी, मागच्या चाकांना मोटर आणि मुठीत मावेल एवढा रिमोट. अंगठा पुढे ढकलला की फळी पळते, मागे ओढला की ब्रेक लागतो. कारखान्यात तिला कोणी स्केटबोर्ड म्हणत नसे, नुसतं फळी म्हणत. फळी बनवायची बॅटरीबाईंनी, विकायची मामांनी, आणि दोघं भांडायला लागली की मान हलवायची मालकांनी, म्हणजे मामांच्या भाऊजींनी, अशी कामाची वाटणी होती.

बॅटरीबाई म्हणजे तिथल्या मुख्य इंजिनिअर. अंगाने काटकुळ्या, तोंडाने फटकळ, आणि कोणाचं बोलणं आवडलं नाही की चष्मा काढून पुसायला लागायच्या. मामा बोलायला लागले की चष्मा हमखास निघायचा.

नवी फळी बाजारात आणायची ठरली तेव्हा पहिला प्रश्न आला, की ती एका चार्जमध्ये जाते किती लांब? हे मोजायला चिमणीला बोलावलं. चिमणी पूर्वी सर्कशीत तारेवर चालायची. वजन म्हणाल तर दप्तरासकट शाळकरी पोरीएवढं. तिला एका बंदिस्त स्केटिंगच्या हॉलमध्ये नेलं, जिथली फरशी आरशासारखी गुळगुळीत होती. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते म्हणून हॉलमध्ये हीटर लावले. वारा नाही, चढ नाही, समोरून कुत्रं येत नाही. आणि वेग तर इतका बेताचा ठेवला, की मोजणी करायला सोबत चालणारा शिपाई दोनदा बोलण्याच्या नादात पुढे निघून गेला. एवढे लाड करूनही फळी सव्वीस किलोमीटरला थांबली.

मामा आपल्या केबिनमध्ये तो आकडा घेऊन बसले. एक चार्ज, सव्वीस. त्यांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं, हळू म्हणून पाहिलं, उभं राहून म्हणून पाहिलं. सव्वीस म्हणजे महिन्याची तारीख वाटत होती. दुपारच्या चहापर्यंत त्यांनी सगळे आकडे चाखून पाहिले आणि चहाच्या शेवटच्या घोटाला त्यांना सापडलं: एक चार्ज, चाळीस! च ला च लागला होता. जिभेवर घोळत होतं. त्यांच्या अंगावर काटा आला.

"चाळीस कुठून आलं?" बॅटरीबाईंनी विचारलं.

"बाई, चाळीस हा आकडा नाही. ती एक भावना आहे."

"भावनेवर चाकं फिरत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखं माणूस रस्त्यावर घेऊन गेलं तर ही फळी पंधराच्या पुढे जायची नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणणार?"

"तुमच्यासारखं म्हणजे थोडं जास्त जाईल," मामा आपल्या पोटाकडे बघत म्हणाले, "माझ्यासारखं म्हणजे थोडं कमी. पण लोक काही मोजत बसत नाहीत."

भाऊजींनी मान हलवली. ती कोणाच्या बाजूने हलली हे नेहमीप्रमाणे कळलं नाही, पण पोस्टरं छापून आली.

लोक मोजत बसत होते. त्यांच्याकडे तेवढा वेळ होता, कारण ते पायी घरी परतत होते. तक्रारींचा फोन सकाळी वाजायला लागायचा तो फोन घेणारी बाई जेवायला गेली तरी वाजत राहायचा. आणि तक्रार फळी थांबते याची कमीच, मीटरचीच जास्त. रिमोटवर बॅटरी किती उरली ते दाखवणारं इवलंसं मीटर होतं. सपाटीवर ते साठ दाखवायचं, चढ लागला की धाडकन वीस, आणि माणूस घाबरून उतरला, दोन मिनिटं उभा राहिला, की पुन्हा पंचेचाळीस.

"ह्याच्यात भूतबीत आहे का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं.

बैठक बसली. बॅटरीबाईंनी समजावून सांगितलं. "मीटर व्होल्टेजवरून अंदाज बांधतं. चढावर मोटर जोर मागते, बॅटरीवर ओढ येते, मग व्होल्टेज खाली बसतं. ओढ थांबली की परत वर येतं. आपण जिना चढून आलो की धाप लागते ना, तसंच. धाप लागली म्हणजे माणूस मेला नाही, आणि धाप गेली म्हणजे तो तरुण झाला असंही नाही. त्यात बॅटरी जितकी रिकामी, तितकी धाप मोठी. उपाय दोन. मोठी बॅटरी बसवा, नाहीतर पोस्टरवर पंधरा लिहा."

मोठी बॅटरी म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा उतरला. पंधरा म्हटल्यावर मामांचा.

"तिसरा उपाय आहे," मामा म्हणाले. "लोकांना त्रास बॅटरीचा नाहीये. लोकांना त्रास मीटरचा आहे. ते बिचाऱ्यांना घाबरवतंय. आपण मीटरला जरा धीर धरायला शिकवू. हळूहळू उतरू दे ना त्याला. शंभरवरून नव्वद, नव्वदवरून ऐंशी, मग साठाच्या आसपास जरा रेंगाळू दे. माणसाचं मनोबल टिकलं पाहिजे."

"आणि साठावर असताना फळी बंद पडली तर?"

"तर तो पॉझिटिव्ह मनाने पायी जाईल."

बॅटरीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भाऊजींची मान या वेळी अगदी स्पष्ट हलली. मग बाई म्हणाल्या, "करून देते. मला काय, दोन ओळींचं काम आहे," आणि खरोखरच करून दिलं. त्या दिवशी त्या नाही म्हणाल्या असत्या तर पुढचं बरंचसं टळलं असतं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. पण त्या दिवशी त्यांना बैठक संपायला हवी होती.

मीटर गोड बोलायला लागलं आणि तक्रारी खरंच अर्ध्यावर आल्या. उरलेल्यांसाठी मामांनी एक सल्लापत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं, की फळीचा पल्ला चालवणाऱ्याच्या वजनावर, उभं राहण्याच्या ढबीवर आणि मनःस्थितीवर अवलंबून असतो. मीटर साठ दाखवत असताना फळी थांबली, तर चालकाने आत्मपरीक्षण करावं. लोक खरोखर आत्मपरीक्षण करू लागले. कोणी रात्रीचं जेवण सोडलं, कोणी बूट हलके घेतले. मामा लोकांना मामा बनवतात असं शेडमधले कामगार म्हणायचे, पण ते जेवणाच्या सुट्टीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कात्रीचा फोन आला.

कात्री म्हणजे नव्या नव्या गाड्या चालवून बघणारी आणि त्यांचे व्हिडिओ करणारी एक बाई. तिचा नवरा कॅमेरा धरायचा आणि ती बोलायची. तिच्या तोंडी सापडलेली गाडी दुकानात पडून राहते, असा लौकिक. म्हणून धंद्यातले लोक तिला कात्री म्हणत. ती म्हणाली, "तुमची चाळीसवाली फळी बघायचीय. मी नाही चालवणार. तुमच्यातल्याच कोणीतरी माझ्यासमोर चालवून दाखवा."

भाऊजींनी सगळ्यात आधी चिमणीला शोधायला माणूस पाठवला. चिमणीला शेजारच्या गावातल्या दुसऱ्या कारखान्याने केव्हाच पळवलं होतं, आणि तिथे तिने त्यांना पन्नास काढून दिले होते.

"मग मामाच चालवतील," भाऊजी म्हणाले. "पोस्टरवर त्यांचाच फोटो आहे."

"अहो भाऊजी, फोटोत मी नुसता उभा होतो!"

"मग आताही उभंच राहायचंय. फळी पळणारच आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. कात्रीला शब्द गेला होता. कारखान्याच्या टेकडीवरून उतरायचं, बाजारातून समोरच्या पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा, तिथून नदीकाठचा लांब रस्ता, पूल, पलीकडचं घड्याळाच्या मनोऱ्याचं मैदान आणि त्याच वाटेने परत. जाऊन येऊन वीसेक किलोमीटर. "चाळीसच्या मानाने ही अंगणातली फेरी," भाऊजी म्हणाले.

मामांनी कारखान्याच्या आवारात सराव केला. पडले, उठले, आणि आठवडाभरात निदान सरळ जाऊ लागले. ताई, म्हणजे त्यांची बहीण, रोज खिडकीतून बघायची. "अरे, या वयात हाडं जुळत नाहीत," एवढंच म्हणायची.

ठरल्या दिवशी सकाळी बॅटरीबाई मामांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "काठोकाठ भरू नका. थोडी रिकामी ठेवा. सुरुवातीलाच उतार आहे."

"उतारावर तर बॅटरी लागतच नाही."

"लागत नाही, उलट भरते. ह्या फळीचा ब्रेक म्हणजे मोटर उलटी राबते आणि ती वीज बॅटरीत परत जाते. भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर काय होईल? व्होल्टेज नको तेवढं वर चढलं, की बॅटरी वाचवायला ब्रेकच सुटतो."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते भाऊजींकडे गेले. भाऊजी म्हणाले, "वेडे का तुम्ही? कात्री पहिल्यांदा मीटरचा फोटो काढणार. नव्व्याण्णव दिसलं तर विचारेल, एक कुठे गेला? काठोकाठ म्हणजे काठोकाठ."

आणि काठोकाठच भरली.

कात्री आली. तिची जुनी मोटार, तिचा अबोल नवरा, त्याचा कॅमेरा. तिने मीटरचा फोटो काढला, शंभर. मामांना तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वजनदार माणूस दिलात, हे आवडलं मला. लोक नेहमी काडीपैलवान देतात."

मामा फळीवर चढले. सगळा कारखाना फाटकाशी जमला होता. उतार सुरू झाला, फळीने वेग घेतला, आणि पहिल्या वळणाच्या आधी मामांनी अंगठा मागे ओढला. ब्रेक लागला. बाई उगाच भिववतात, असं त्यांच्या मनात येतंय न येतंय तोच रिमोट तीनदा टीं टीं करून ओरडला आणि ब्रेक सुटला.

सुटला म्हणजे साफ सुटला. मामांनी अंगठा ओढून ओढून पांढरा केला, पण फळीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. टेकडी त्यांच्या पायाखालून मागे पळायला लागली. कानात वाऱ्याचा नुसता घोंगाट. उडी मारावी तर रस्ता दिसेना, न मारावी तर बाजार दिसायला लागला. भीतीने त्यांचे गुडघे वाकले आणि ते फळीवर जवळजवळ उकिडवेच बसले. वेगात असं खाली बसणं हेच खरं शास्त्र आहे हे त्यांना नंतर कळलं; त्या क्षणी त्यांना फक्त जमिनीच्या जवळ असावंसं वाटत होतं.

"बाजूला व्हा!" ते ओरडत होते. "बाजूला व्हाऽऽ!"

बाजार बाजूला झाला. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, साबण लावलेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे. फुलवालीने बादली ओढून घेतली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळेच टाळ्या वाजवू लागले, कारण पोस्टरवरचा माणूस स्वतः, टाय उडवत, डोळे विस्फारून, बाणासारखा चालला होता आणि तो जिवाच्या आकांताने ओरडतोय हे लोकांना जाहिरातीचाच भाग वाटत होता. त्या अवस्थेतही मामांच्या मनात आलं, की एवढ्या टाळ्या आपल्याला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या.

समोरचा टाकीचा चढ लागला तेव्हा फळीचा जोर ओसरला. अर्ध्या चढावर ती माणसाच्या चालीवर आली. मामा उतरायला गेले तर गुडघे सरळ होईनात. तेवढ्यात मागून मोटार आली.

"मानलं तुम्हाला!" कात्री खिडकीतून म्हणाली. "अख्ख्या उतारावर ब्रेक नाही लावलात. एवढा भरवसा?"

मामांनी तोंड उघडलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण एवढं कौतुक आणि ते मिळालेलं परत करायचं, हे त्यांच्या जाहिरातीच्या तालमीत बसत नव्हतं.

"आपल्याच फळीवर आपण भरवसा नाही ठेवायचा," ते म्हणाले, "तर कोणी ठेवायचा?"

चढ चढण्यात बॅटरी थोडी रिकामी झाली आणि ब्रेकही परत आला. पुढचा नदीकाठचा रस्ता सपाट होता. मामांच्या अंगातली थरथर गेली आणि तिच्या जागी एक वेगळाच कैफ चढला. सकाळचं ऊन पाण्यावर होतं. फळी गुणगुणत होती. मीटर नव्वद दाखवत होतं.

ते मीटर खोटं बोलतं हे जगात कोणाला माहीत असेल तर ते मामांना. त्यांनीच त्याला शिकवलं होतं. तरी ते दर थोड्या वेळाने अंगठा बाजूला करून बघायचे, आणि नव्वद बघून त्यांना बरं वाटायचं. पंचाऐंशी झालं तेव्हाही बरं वाटलं. मग समोरून वारा सुटला. मामांसारखा रुंद माणूस आणि समोरचा वारा, म्हणजे फळीला शिडाची होडी उलटी ढकलल्यासारखं झालं. गुणगुण बारीक झाली. मागून एक म्हातारा सायकलवाला आला, त्याने मामांकडे बघून मान डोलावली आणि पुढे निघून गेला. मामांनी मीटर बघितलं. बहात्तर. बहात्तर म्हणजे काही कमी नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कदाचित आपण आज खरंच नीट उभे असू. कदाचित मनःस्थितीचा खरंच काही परिणाम होत असेल.

पुलाचा चढ तसा नावापुरता. पण तिथे फळीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. मीटर त्रेसष्ट.

मोटार शेजारी येऊन थांबली. "काय झालं?"

"विश्रांती," मामा म्हणाले. "चालकाच्या पायांना मोकळीक. कंपनीची शिफारस आहे."

दोन मिनिटं ते कठड्याला टेकून नदी बघत राहिले. तेवढ्यात बॅटरीची धाप गेली, व्होल्टेज वर आलं, मामा चढले, आणि फळी विजेचे दोन खांब ओलांडून पुन्हा थांबली. पुन्हा विश्रांती. पुन्हा एक खांब. मग अर्धा. मीटर मात्र त्रेसष्टवर ठाण मांडून बसलं होतं. कात्री आता मोटारीतून उतरून चालत येत होती, आणि तिचा नवरा कॅमेरा खांद्यावर घेऊन तिच्या मागे.

तेवढ्यात पुलावर समोरून एक बाई येताना दिसली. नर्सचा गणवेश, रात्रपाळी करून चेहरा उतरलेला, आणि काखेत फळी. तीच फळी. तिने मामांना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही पोस्टरवरचे मामा ना?"

मामांनी आजूबाजूला पाहिलं. पुलावर लपायला जागा नसते.

"तुमचीसुद्धा थांबली का?" नर्सने विचारलं. त्या आवाजात जराही कुचकेपणा नव्हता, उलट पेशंटच्या उशाशी बसल्यासारखी माया होती. "माझी रोज इथेच थांबते. मग मी बाकीचं चालत जाते. आधी मला फार राग यायचा. मग तुमचं पत्रक वाचलं. खरंच आहे हो, ड्यूटीवरून निघताना माझं मन थाऱ्यावर नसतं. मी वजन उतरवलंय, मऊ बूट घेतलेत. आता मीटर साठ-पासष्टावर असतं म्हणजे बॅटरीचा काही दोष नाही. मीच कुठेतरी कमी पडतेय."

"नाही, तसं काही..." मामा पुटपुटले.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "बघू मीटर? त्रेसष्ट! म्हणजे पुष्कळ आहे. तुमच्या अंगात थोडं वजन आहे, ते मी समजू शकते. डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. आता चांगला विचार करा आणि चढा. चढा, चढा."

मामा चढले. का चढले कोण जाणे. पण नर्सने सांगितलं की माणूस ऐकतो. फळी जागची हलली नाही.

"परत एकदा. या वेळी मनापासून."

फळी हलली नाही.

"तुमच्या मनात कुठेतरी शंका आहे," नर्स हळुवारपणे म्हणाली. "ती काढून टाका. मीटरकडे बघा, त्रेसष्ट आहे. ते आपल्याला कशाला फसवेल?"

मामांनी आयुष्यभर खूप काही ऐकून घेतलं होतं. शिव्या, टोमणे, भाऊजींचे "हं हं". पण स्वतःचंच पत्रक, असं मायेने, पुलाच्या मधोमध, उन्हात, पुन्हा पुन्हा ऐकणं त्यांना झेपलं नाही. त्यात पोटऱ्या दुखत होत्या.

"कसली शंका नि कसलं मन!" ते कडाडले. "बॅटरी संपलीय, बाई! संपली! मीटर खोटं आहे ते! मी सांगितलं म्हणून खोटं बोलतं! पंधरा किलोमीटरची फळी आहे ही, सपाटीवर, वारा नसताना! माझ्यासारख्याला तर तेवढीही नाही! तुमचं वजन, तुमचे बूट, तुमचं मन, ह्यातल्या कशालाही काही झालेलं नाहीये! घरी जा आणि पोटभर जेवा!"

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. कात्रीचा नवरा, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "आवाज छान आलाय."

नर्स चिडेल असं मामांना वाटलं होतं. तिने फळी दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाली, "मी आठ महिने बटाटा नाही खाल्ला." आणि चालू पडली.

कात्रीने मामांना मोटारीत बसा म्हटलं. मामा बसले नाहीत. फळी काखोटीला मारून ते सगळी वाट चालत आले. टेकडीवर पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि व्हिडिओ त्यांच्या आधी पोचला होता.

भाऊजी केबिनमध्ये येरझारा घालत होते. ताई खुर्चीत बसली होती. बॅटरीबाई खिडकीशी.

"घरचा माणूस!" भाऊजींनी हात पसरले. "आपलेच दात, आपलेच ओठ! बाहेरच्याने केलं असतं तर कोर्टात खेचलं असतं. तुम्हाला कुठे खेचू?"

"आधी ब्रेकचं बोला," ताई म्हणाली. "माझा भाऊ त्या उतारावरून बिनब्रेकचा गेला. ते काठोकाठ कोणी भरायला सांगितलं?"

"अगं, तोच भाग तर लोकांना आवडलाय!"

ते मात्र खरं होतं. तक्रारींचा फोन दुपारपासून वाजत होता, पण निम्मे लोक पुलावरचं बोलणं ऐकायच्या आधीच व्हिडिओ थांबवून फोन करत होते. त्यांना ती उतारावरची फळी हवी होती. एकाने तर विचारलं, की ब्रेक नसलेलं मॉडेल वेगळं मिळतं का. उरलेल्या निम्म्यांनी पुलापर्यंत बघितलं होतं आणि त्यांचं म्हणणं होतं, की एवढ्या वर्षांत खरं बोलणारी ही पहिलीच कंपनी. भाऊजींनी दोन-चार फोन स्वतः घेतले. चौथ्या फोनला ते म्हणत होते, "हो, हो, खरं बोलायचं हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण."

नवं पोस्टर आलं. पंधरा. खरोखर पंधरा. त्यात च ला च लागत नव्हता, पण मामांनी तक्रार केली नाही. बॅटरीबाईंनी ब्रेकचाही बंदोबस्त केला: आता चार्जर बॅटरी पुरती भरायच्या थोडी आधीच थांबतो, आणि मीटर तेवढ्यालाच शंभर म्हणतं.

"म्हणजे हेही खोटंच की," मामा म्हणाले.

"खोटंच. पण ह्या खोट्यावर ब्रेक लागतो." त्यांनी चष्म्याला हातही लावला नाही.

एवढ्यावर सगळं भागायला हवं होतं. पण महिनाभरात वेगळ्याच तक्रारी यायला लागल्या. मीटर खरं दाखवायला लागलं होतं आणि लोकांना ते सोसत नव्हतं. चढावर ते पडायचं, आणि लोक घाबरून वाटेतच उतरायचे. "पूर्वीची फळी बरी होती," ते म्हणायचे. "थांबायची तिथेच थांबायची, पण मीटर तरी दोन गोड शब्द बोलायचं." काही जण पलीकडच्या कारखान्याची पन्नासवाली घेऊन आले, तिच्यावरही चालतच घरी गेले, पण खूश होते. शेवटी भाऊजींनी मान हलवली आणि बॅटरीबाईंनी रिमोटला एक छोटं बटण बसवलं. एका बाजूला लिहिलं 'खरं', दुसऱ्या बाजूला 'धीर'. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. फळी विकताना बटण कुठल्या बाजूला ठेवायचं ते गिऱ्हाइकाला विचारायचं काम मामांकडे आलं. दहातले आठ जण धीर म्हणायचे, तेही जरा खाली बघून.

एके दिवशी ती नर्स आली. गालांवर तकाकी आली होती. मामा उठून उभे राहिले. त्यांनी तिची जुनी फळी हातातून घेतली, तिला नवी बॅटरी बसवायला आत पाठवली आणि रिमोट बटणासकट तिच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

मामांनी समजावलं. या बाजूला मीटर खरं सांगेल, त्या बाजूला धीर देईल. फळी जाईल तेवढीच. "तुम्हाला खरंच देतो," ते घाईने म्हणाले. "तुमच्यासाठी दुसरं काही नाही."

नर्सने बटण एकदा इकडे केलं, एकदा तिकडे.

"जाताना खरं," ती म्हणाली. "वेळेवर पोचायचं असतं, पेशंट वाट बघत असतात. येताना धीरच बरा. रात्रभर मीच लोकांना तो देत असते, सकाळी मला कोणी दिला तर काय बिघडलं?"

नवी बॅटरी बसून फळी बाहेर आली तेव्हा मामांनी बटण चालतंय का ते दोनदा तपासलं, रिमोट पुसला आणि तिच्या हातात दिला. ती फाटकातून बाहेर पडली. उतारावर तिने अंगठा मागे ओढला, फळीचा वेग अलगद कमी झाला, आणि मामा खिडकीतून ते शेवटच्या वळणापर्यंत बघत राहिले.